तालुक्याच्या कॉलेजात जिवाणूंकडून लायकोपीन: परवानगीपासून शेवटच्या रीडिंगपर्यंतची कृती

टोमॅटो आणि कलिंगड ज्या रंगद्रव्यामुळे लाल दिसतात ते लायकोपीन. प्रयोगशाळेत वापरला जाणारा निरुपद्रवी ई-कोलाय जिवाणूसुद्धा ते तयार करू शकतो, त्याच्या पेशीत फक्त तीन जनुकं बाहेरून आणून बसवावी लागतात. जनुक अभियांत्रिकीचा इतका डोळ्यांना दिसणारा प्रयोग दुसरा क्वचितच असेल. वसाहत (थिजवलेल्या खाद्यावर वाढलेला जिवाणूंचा ठिपका) लाल झाली म्हणजे जनुकं कामाला लागली, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. आपल्या मुलांना जनुक बदलाची ओळख होते ती पऱ्हाटीपासून. बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हापासून घरोघरी हा शब्द आहे, पण ते जनुक पेशीत जातं कसं आणि काम करतं कसं हे हाताने करून पाहिलेला विद्यार्थी विरळाच. हा लेख अशा कॉलेजांसाठी आहे, जिथे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आहे, एक इनक्युबेटर (ठरावीक तापमानाची पेटी) आहे, रंगाची गडदता मोजणारा साधा कलरीमीटर आहे आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. जनुकं पेशीत घालणं एका दिवसाचं काम आहे. खरी मेहनत लागते ती तयार झालेला रंग उजेड, ऊन आणि हवेपासून वाचवण्यात आणि तो जिवाणू प्रयोगशाळेच्या दाराबाहेर जाणार नाही हे पाहण्यात. म्हणून त्या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे.

पेशीत काय घडतं

ई-कोलाय स्वतःच्या गरजेसाठी फार्नेसिल डायफॉस्फेट नावाचा पंधरा कार्बनचा रेणू बनवतोच. बाहेरून आणलेलं पहिलं जनुक सीआरटी-ई त्याला आणखी पाच कार्बन जोडून वीस कार्बनचा रेणू तयार करतं. दुसरं, सीआरटी-बी, असे दोन रेणू एकमेकांना जोडतं आणि चाळीस कार्बनचं रंगहीन फायटोईन होतं. तिसरं, सीआरटी-आय, फायटोईनमधले हायड्रोजन काढून एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी करतं. अशा ११ बंधांच्या साखळीमुळे लायकोपीन लाल दिसतं, आणि त्याच साखळीमुळे ते ऑक्सिजनचे आक्रमक रेणू शांत करू शकतं. रंग आणि अँटिऑक्सिडंट गुण एकाच रचनेतून येतात. त्यामुळे रंग उडाला की गुणही गेला असं समजा.

ही जनुकं मुळात पँटोइया या जिवाणूची. त्याचं जुनं नाव एर्विनिया. जपानी शास्त्रज्ञ नोरिहिको मिसावा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ई-कोलायमध्ये ती बसवून प्रत्येक जनुकाचं काम दाखवून दिलं. आपण वापरणार आहोत तो तयार प्लाझ्मिड (जनुकं पेशीत नेणारं डीएनएचं छोटं कडं) पीएसी-एलवायसी नावाने ओळखला जातो. त्यावर ही तीनही जनुकं आहेत आणि क्लोरँफेनिकॉल या प्रतिजैविकाला दाद न देणारं एक जनुक आहे. हे शेवटचं जनुक निवडीसाठी उपयोगी, आणि कचरा टाकताना सगळ्यात जास्त काळजी याचीच.

आधी कागद, मग काम

पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांना लागू आहेत, मग ते कितीही निरुपद्रवी असोत. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं या प्रयोगाला सगळ्यात कमी धोक्याच्या गटात बसवतात. तरी संस्थेत जैवसुरक्षा समिती हवी आणि तिला लेखी कळवलेलं हवं. आपल्या बहुतेक छोट्या कॉलेजांत अशी समिती नसते. मग ज्या विद्यापीठ विभागात किंवा संशोधन संस्थेत ती आहे त्यांच्यासोबत प्रकल्प करा. अमरावती, नागपूर, गडचिरोलीची विद्यापीठं आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ आपल्यापासून लांब नाहीत. प्लाझ्मिडही अशा सहकारी प्रयोगशाळेकडूनच, लेखी नोंद करून घ्यावा. परदेशातून मागवायचा तर समितीमार्फत आयातीची प्रक्रिया करावी लागते आणि त्यात सत्राचा बराच वेळ जातो.

परवानगी नसताना 'एकदा करून तर पाहू' म्हणू नका. मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं आपल्या शिवारात कसं पसरलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. एकदा बाहेर गेलेलं परत गोळा करता येत नाही. जिवाणू तर डोळ्यांना दिसतही नाही.

इथे तयार झालेलं लायकोपीन कोणी खायचं नाही, तोंडाला लावायचं नाही, बचतगटाच्या साबणात घालायचं नाही. ई-कोलायच्या पेशीभित्तिकेतलं एंडोटॉक्सिन हे विष अर्कासोबत येऊ शकतं. शिवाय खाद्यपदार्थासाठी आणि सौंदर्यप्रसाधनासाठी मंजुरीचे मार्ग पूर्ण वेगळे आहेत. गावात विकायला नैसर्गिक रंग हवा असेल तर स्पिरुलिना या नील-हरित शेवाळाच्या टाकीकडे वळा, तिथे जनुक बदलाचा प्रश्नच नाही.

हंगाम आणि जागा

लायकोपीन ३७ अंशांपेक्षा २८ ते ३० अंशांवर चांगलं साठतं. आपल्याकडे पोळ्यानंतर दिवाळीपर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारीत खोलीचं तापमान याच्या आसपास असतं. हे दिवस साधा, म्हणजे लाइट गेली तरी प्रयोग बिघडत नाही. एप्रिल-मेमध्ये बंद खोली ४२ अंशांपुढे जाते, तेव्हा वाढ मंदावते आणि रंग धरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलटी अडचण, पेशी थंडीने थबकतात.

उन्हाळ्यात काम करावंच लागलं तर बर्नरच्या टेबलाजवळ कूलर लावू नका. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ओल्या जाळीतून येणारी हवा बुरशीचे बीजाणू सोबत आणते आणि जिवाणू वाढवायच्या प्लेटवर फेकते. काम सकाळी सातला उरकून घ्या, दारं-खिडक्या बंद ठेवून. माध्यमासाठी, म्हणजे जिवाणूंच्या खाद्यासाठी, बोअरचं पाणी चालत नाही, आपल्याकडचं बरंचसं जड आणि क्षारयुक्त असतं. डिस्टिल्ड पाणीच घ्या.

प्लाझ्मिड पेशीत घालणं

यजमान म्हणून डीएच५-अल्फा हा प्रयोगशाळेतला कमजोर वाण पुरेसा आहे. एलबी माध्यम लिटरमागे १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट अर्क आणि १० ग्रॅम मीठ असं करून १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. प्लेटसाठी त्यात माध्यम घट्ट करणारं १५ ग्रॅम अगार. माध्यम निवून बाटली हातात धरवेल इतकी झाली की क्लोरँफेनिकॉल मिसळा, मिलिलिटरमागे ३४ मायक्रोग्रॅम. त्याचं मूळ द्रावण पाण्यात नव्हे, इथेनॉलमध्ये करायचं, ३४ मिलिग्रॅम प्रति मिलि. म्हणजे लिटरभर माध्यमाला १ मिलि पुरतं. पूड तोलताना मास्क आणि हातमोजे घाला. क्वचित का होईना, या औषधाचा अस्थिमज्जेवर वाईट परिणाम होतो.

बर्फ लागतो, भरपूर. कॉलेजात बर्फाचं यंत्र नसेल तर बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून फोडून थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि थोडं पाणी घाला, म्हणजे नळ्यांना सगळ्या बाजूंनी गारवा लागतो. सेंट्रिफ्यूज थंड होणारा नसेल तर नळ्या आणि त्यांचे कप आधीच बर्फात ठेवून द्या आणि फिरवल्यावर लगेच पुन्हा बर्फात घ्या.

डीएच५-अल्फाच्या रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधलं (जिवाणू वाढलेल्या माध्यमातलं) १ मिलि ५० मिलि ताज्या एलबीत टाका आणि ३७ अंशांवर हलवत ठेवा. कल्चर किती दाट झालं हे दाखवणारं ६०० नॅनोमीटरचं रीडिंग ०.४ च्या आसपास आलं की थांबा, त्यापुढे गेलेल्या पेशी प्लाझ्मिड नीट घेत नाहीत. दहा मिनिटं बर्फात ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं फिरवा. वरचं पाणी काढून टाका, तळाच्या पेशी १० मिलि गार ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये अलगद मिसळा. अर्धा तास बर्फात. पुन्हा फिरवून २ मिलि त्याच द्रावणात घ्या. यातले १०० मायक्रोलिटर एका नळीत घेऊन प्लाझ्मिडचे एक-दोन मायक्रोलिटर टाका आणि आणखी अर्धा तास बर्फात ठेवा. मग नळी ४२ अंशांच्या पाण्यात ४५ सेकंद, लगेच बर्फात दोन मिनिटं. हे पाणी थर्मामीटर लावूनच ठरवा, हाताच्या अंदाजाने नको. शेवटी ९०० मायक्रोलिटर साधं एलबी घालून तासभर ३७ अंशांवर ठेवा, म्हणजे पेशींना प्रतिजैविकाविरुद्धचं प्रथिन बनवायला वेळ मिळतो. यातले १०० मायक्रोलिटर क्लोरँफेनिकॉलच्या प्लेटवर पसरा. प्लाझ्मिड न घातलेल्या पेशीही दुसऱ्या तशाच प्लेटवर पसरा. तिथे काही उगवलं तर प्रतिजैविक कमी पडलंय, आणि पहिल्या प्लेटवर विश्वास ठेवता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं हमखास हिरमुसतात, कारण वसाहती पांढरट दिसतात. प्लेट टाकून देऊ नका. ती कागदात गुंडाळून कपाटात अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवा. रंग मागाहून भरतो. दोन-तीन दिवसांत वसाहतीचा मधला भाग आधी गुलाबी होतो आणि मग तांबूस रंग कडेपर्यंत पसरतो. सगळ्यात गडद वसाहत निवडून तिच्यातल्या पेशींच्या नव्या प्लेटवर रेघा ओढा. लायकोपीन बनवणं हे पेशीला ओझं आहे, त्यामुळे फिकट राहिलेल्या पेशी जास्त वेगाने वाढतात आणि चार-पाच वेळा पुढे नेल्यावर प्लेट पांढरी पडू शकते. दर वेळी सर्वांत लाल वसाहत उचलणं हाच उपाय.

वाढवणं, आणि आपल्या संत्र्याचा प्रश्न

शेकर (फ्लास्क सतत हलवणारं यंत्र) असेल तर २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिपेक्षा जास्त माध्यम घेऊ नका, पेशींना हवा लागते. क्लोरँफेनिकॉल घाला, अर्धा ते एक टक्का ग्लिसरॉल घाला, फ्लास्क ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि २८ ते ३० अंशांवर ४८ तास हलवा. शेकर नसेल किंवा भारनियमनामुळे तो दिवसातून दोनदा थांबत असेल तर द्रव माध्यमाचा आग्रह सोडून द्या. आठ-दहा प्लेटवर दाट पसरून तीन दिवस अंधारात ठेवा आणि काचेच्या स्लाइडच्या कडेने पेशी खरवडून घ्या. आपल्या परिस्थितीत मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. फक्त प्लेटवरच्या पेशी मिलिलिटरमध्ये मोजता येत नाहीत, त्यांचं वजन करावं लागतं.

आता संत्रं. वरूड-मोर्शी भागातली मुलं दर वर्षी विचारतात, आंबिया बहाराच्या फळगळीत इतकी संत्री वाया जातात, ती या जिवाणूंना का घालू नयेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोधण्यातच खरा प्रकल्प आहे. संत्र्याच्या रसातली जवळपास निम्मी साखर सुक्रोज असते, बाकी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. डीएच५-अल्फा ज्या के-१२ कुळातला आहे त्याला सुक्रोज पचत नाही. गूळ घालून पेशी वाढत नाहीत याचंही कारण हेच, गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज. शिवाय रस आंबट असतो, आणि सालीतल्या तेलातलं लिमोनीन जिवाणूंना मारक असतं.

म्हणून साल पूर्ण सोलून, पांढरा पापुद्राही काढून फक्त गराचा रस घ्या. सायट्रिक आम्लाने पीएच २ च्या जवळ आणून अर्धा-पाऊण तास गरम करा, म्हणजे बरंचसं सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. गाळा, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ करा, पुन्हा गाळून वेगळं ऑटोक्लेव्ह करा आणि मग एलबीत मिसळा. साखर एकूण अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवा. ग्लुकोज जास्त झालं की ई-कोलाय ॲसिटेट बाहेर टाकतो, पीएच उतरतो आणि वाढ खुंटते. गडचिरोली-गोंदियाकडच्या कॉलेजांना याहून सोपी वाट आहे. मोहफुलांतली बरीच साखर मुळातच ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या रूपात असते. सुकी फुलं गरम पाण्यात भिजवून, गाळून तो अर्क वापरून पाहता येईल. ग्लिसरॉल, संत्रं, मोहफूल आणि नुसतं एलबी असे चार फ्लास्क शेजारी लावून केलेली तुलना एमएस्सीच्या प्रकल्पाला पुरेशी आहे.

रंग काढणं

५ मिलि कल्चर फिरवा. तळाशी गेरूच्या रंगाचा गोळा बसतो. वरचं माध्यम काढून टाका, पेशी एकदा पाण्याने धुवा आणि पुन्हा फिरवून पाणी शक्य तितकं काढून टाका. त्यावर १ मिलि ॲसिटोन घालून नळी जोरात हलवा. मग झाकण घट्ट लावून ५५ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं अंधारात ठेवा. परत फिरवल्यावर नळी उजेडाकडे धरून पाहा. ॲसिटोन केशरी-लाल झालेलं असतं आणि तळाच्या पेशी राखाडी-पांढऱ्या. पेशीत अजून लाली असेल तर ॲसिटोनची दुसरी खेप द्या आणि दोन्ही अर्क एकत्र करा.

ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ ठिणगीने पेटते. या टप्प्यावर खोलीत एकही बर्नर, शेगडी किंवा उघडी कॉइल नको. पाणी दुसऱ्या खोलीत गरम करून आणा. उन्हाळ्यात बाटली उघडतानाही झाकण हळू फिरवा, आत दाब साठलेला असतो. नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा काचेच्या घ्या. स्वस्त पारदर्शक पॉलिस्टायरीन ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि क्युव्हेट (रीडिंग घ्यायची नळी) पांढुरका होऊन बसतो.

अर्कात २ मिलि हेक्झेन आणि १ मिलि पाणी घालून हलवा आणि स्थिर ठेवा. दोन थर होतात, रंग वरच्या हेक्झेनमध्ये चढतो. तो थर काढून गडद बाटलीत भरा, जमलं तर त्यावर नायट्रोजनचा झोत सोडा, आणि फ्रीजरमध्ये ठेवा. खिडकीतल्या उन्हात ठेवलेला अर्क पाहता पाहता फिकट होतो. हे मुलांना मुद्दाम दाखवा, एक नळी उन्हात आणि एक कागदात गुंडाळून.

मोजणं

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) हेक्झेनमधल्या लायकोपीनची तीन शिखरं दिसतात, ४४५, ४७१ आणि ५०३ नॅनोमीटरच्या आसपास. ही त्रिशूळासारखी रेषा आली की लायकोपीन आहे याची चांगली खूण मिळाली. मोजायला ५०३ घ्या, तिथे इतर कॅरोटिनॉइडची ढवळाढवळ कमी असते. शोषणाचं रीडिंग गुणिले ३.१२ केलं की मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅम मिळतात. समजा रीडिंग ०.४० आलं. ०.४० × ३.१२ म्हणजे १.२५ मायक्रोग्रॅम, हेक्झेन २ मिलि म्हणून एकूण २.५, आणि हे ५ मिलि कल्चरमधून आलं म्हणून लिटरला ०.५ मिलिग्रॅम. कलरीमीटरवर ५०० किंवा ५१० चा फिल्टर लावूनही काम होतं, पण तिथे ३.१२ चा गुणक वापरू नका. फिल्टर रुंद पट्टा पकडतो, त्यामुळे रीडिंग फक्त फ्लास्कची आपसात तुलना करायला वापरा.

अँटिऑक्सिडंट तपासणी म्हटली की सगळे डीपीपीएचकडे धावतात. अँटिऑक्सिडंटमुळे या द्रव्याचा रंग किती उडाला ते त्यात पाहतात. लायकोपीनसाठी ती फसवी आहे. डीपीपीएचचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरला मोजतात आणि लायकोपीन स्वतः तिथेच जोरात शोषण करतं, त्यामुळे गुण असूनही कमी दिसतो. एबीटीएस पद्धत घ्या, तीही रंग उडण्यावरच चालते, पण ती ७३४ नॅनोमीटरला वाचतात, तिथे लायकोपीन काहीच शोषत नाही. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट एकत्र करून १२ ते १६ तास अंधारात ठेवा, मग रीडिंग ०.७० येईल इतकं इथेनॉलने पातळ करा. इथे हेक्झेनचा अर्क वापरू नका, ॲसिटोनचा ताजा अर्क थोडासा घाला आणि सहा मिनिटांनी रीडिंग घ्या. सोबत दोन कंट्रोल हवेतच: नुसतं ॲसिटोन, आणि प्लाझ्मिड नसलेल्या पेशींचा त्याच पद्धतीने काढलेला अर्क. साध्या पेशीतही रंग घालवणारी द्रव्यं असतात, ती वजा केल्याशिवाय लायकोपीनच्या नावावर काही मांडता येणार नाही. साठवणीसाठी अर्कात बीएचटी हे टिकवणारं रसायन घातलं असेल तर तो अर्कही इथे चालणार नाही, कारण बीएचटी स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे.

कचरा

पेशींना स्पर्श झालेली प्रत्येक वस्तू, प्लेट, टिप, नळी, हातमोजा, ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकून १२१ अंशांवर किमान ३० मिनिटं ठेवा. माध्यमापेक्षा वेळ जास्त, कारण भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ उशिरा पोचते. पिशवीचं तोंड सैल ठेवा आणि इंडिकेटर टेप लावा. मध्येच वीज गेली तर पुन्हा दाब चढल्यापासून पूर्ण ३० मिनिटं मोजा. घरगुती कुकर माध्यमासाठी चालून जाईल, या कचऱ्यासाठी नाही. टेबलावर सांडलं तर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीच) ओतून २० मिनिटांनी पुसा, पण ब्लीच टाकलेली वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, विषारी वायू निघतो. ॲसिटोन आणि हेक्झेन वेगळ्या बाटलीत साठवा, बेसिनमध्ये ओतू नका. क्लोरँफेनिकॉलला न जुमानणाऱ्या पेशी गटारात गेल्या तर तो प्लाझ्मिड दुसऱ्या जिवाणूंच्या हाती लागू शकतो. प्रत्येक खेपेची तारीख, पिशव्यांची संख्या आणि सही वहीत असू द्या, समितीचे सदस्य आले की पहिली हीच वही मागतात.

पुढच्या सत्रासाठी जपणूक

ताज्या लाल वसाहतीपासून वाढवलेलं कल्चर आणि निर्जंतुक ग्लिसरॉल असं मिसळा की ग्लिसरॉल २० टक्के होईल, आणि कुलूपबंद फ्रीजरमध्ये ठेवा. उणे ८० अंशांची सोय आपल्याकडे नसते, साध्या उणे २० मध्ये पेशी काही महिने टिकतात, लांब वीज गेली की कमी होतात. प्लाझ्मिडचा शुद्ध डीएनए मात्र त्याच फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून मिळालेल्या प्लाझ्मिडचा थोडा भाग न वापरता वेगळ्या नळीत बाजूला ठेवा आणि दर वर्षी नव्या तुकडीकडून ट्रान्सफॉर्मेशन (प्लाझ्मिड पेशीत घालणं) पहिल्यापासून करून घ्या. हात बसला की समितीला कळवून पुढचा प्लाझ्मिड मागवता येईल. त्यावर सीआरटी-वाय हे चौथं जनुक असतं. ते लायकोपीनच्या दोन्ही टोकांना कडी करतं, बीटा-कॅरोटीन तयार होतं आणि वसाहती लाल न होता पिवळ्या-केशरी होतात. मोजताना तेव्हा ५०३ ऐवजी ४५० नॅनोमीटर घ्या.